कमी खर्चात फिक्स्ड गिअर सायकल कशी निवडावी

फिक्स्ड गिअर सायकलीला, म्हणजे तरुण मंडळी जिला ‘फिक्सी’ म्हणतात त्या सायकलीला, फ्रीव्हील नसते. मागचा दातेरी कॉग हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी थेट बसवलेला असतो, त्यामुळे चाक फिरत असेपर्यंत पॅडलही फिरत राहते आणि पाय स्थिर ठेवून सायकल नुसती घरंगळू देण्याची सोय उरत नाही. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेल्युअर, हँडलवरून गिअर बदलायचा शिफ्टर, त्यांच्या तारा यांपैकी काहीच नसल्याने ही सायकल कमी पैशांत चांगली मिळू शकते, कारण त्याच किमतीच्या एकवीस गिअरच्या सायकलीत जो पैसा हलक्या प्रतीच्या गिअरवर खर्च होतो, तो इथे हब, बेअरिंग आणि चाकांवर खर्च होणे शक्य असते. ‘शक्य असते’ असे मुद्दाम म्हणतो. स्वस्त फिक्सीत हा वाचलेला पैसा अनेकदा रंगीत रिम, रंगीत चेन आणि उंच कड्याच्या चकचकीत चाकांकडे वळलेला दिसतो, आणि खरेदीदारही नेमका त्यालाच भुलतो. पैसा मोजका असेल तर तो मागचे हब, पुढचा ब्रेक आणि टायर या तीन गोष्टींत घालावा, आणि बाकी सगळे साधे असले तरी चालवून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी रस्ता पाहावा

सायकल पाहायला निघण्यापूर्वी आपण रोज कोणत्या रस्त्याने जाणार आहोत हे ठरवून घ्यावे, कारण या सायकलीला एकच गिअर असतो आणि तो रस्त्याला साजेसा नसेल तर चढावर गुडघे दुखतात, उतारावर पाय आवरत नाहीत. मुंबईत मरीन ड्राइव्हसारख्या सपाट रस्त्यावर पहाटे फिक्सी चालवणे हा निखळ आनंद आहे, पण तीच सायकल पेडर रोडच्या चढावर वेगळी वाटते. पुण्यात डेक्कन ते कॅम्प हा पट्टा फारसा त्रास देत नाही. मात्र ज्यांना रोज चांदणी चौकाचा चढ चढायचा आहे किंवा रविवारी कात्रजचा घाट करायचा आहे, त्यांनी फिक्स्ड गिअरचा आग्रह धरू नये. घाट चढणे एक वेळ जमते, खरी परीक्षा उतरताना होते, कारण तेथे पायांना क्षणाचीही उसंत मिळत नाही.

चढउतार बेताचे असतील तरी आपल्याकडचे गतिरोधक आणि खड्डे असतातच. साध्या सायकलीवर गतिरोधक आला की आपण पॅडल समांतर धरून थोडे उठतो आणि सायकल वरून जाऊ देतो. इथे पॅडल थांबवता येत नसल्याने फिरत्या पायांवरच सीटवरून उठावे लागते. हे शिकता येते, पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तोवर ‘फ्लिप-फ्लॉप’ हब असलेली सायकल उपयोगी पडते. या हबच्या एका बाजूला फिक्स्ड कॉग आणि दुसऱ्या बाजूला साधे फ्रीव्हील बसते. चाक काढून उलटे बसवले की सायकलीचा स्वभावच बदलतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने शक्यतो अशीच सायकल घ्यावी.

मागचे हब

फिक्सी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक सायकली प्रत्यक्षात एकाच गिअरच्या, फ्रीव्हील असलेल्या साध्या सायकली असतात, तेव्हा दुकानात पहिली तपासणी हीच करावी. मागचे चाक उचलून हाताने पुढे फिरवावे. चाकाबरोबर पॅडल फिरले तर कॉग फिक्स्ड आहे. पॅडल जागीच राहून ‘टिक टिक’ आवाज आला तर ते फ्रीव्हील आहे. फ्रीव्हील असेल तर दुकानदाराच्या शब्दावर न जाता हबची दुसरी बाजू पाहावी. खऱ्या ट्रॅक हबच्या, म्हणजे फिक्स्ड कॉगसाठीच बनलेल्या हबच्या, रिकाम्या बाजूवर आट्यांच्या दोन पायऱ्या दिसतात: आत मोठ्या व्यासाची, नेहमीच्या सुलट आट्यांची, आणि तिच्या बाहेर, ॲक्सलच्या नटाकडे, किंचित लहान व्यासाची, उलट आट्यांची. बोटाचे नख फिरवले तरी ही पायरी जाणवते. पहिल्या पायरीवर कॉग बसतो आणि दुसऱ्यावर खाचा असलेली पातळ लॉकरिंग.

या दुसऱ्या पायरीवर सगळी सुरक्षितता अवलंबून आहे. आपण वेग कमी करण्यासाठी पॅडलवर मागे जोर देतो तेव्हा कॉग आपल्या आट्यांवरून सैल होऊ पाहतो. तो जरासा सरकला की लॉकरिंगला भिडतो, आणि लॉकरिंगचे आटे उलटे असल्यामुळे त्याच जोराने ती आणखी आवळली जाते. ज्या हबवर केवळ फ्रीव्हीलचे आटे आहेत, त्यावर फिक्स्ड कॉग चढवता येतो, कारण दोन्हींचे आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असे एकसारखे असतात. पण तिथे उलट आट्यांची लॉकरिंग बसायला जागाच नसते. मग कोणी आटे घट्ट धरणारे द्रव लावतो, कोणी दुसऱ्याच भागाची रिंग सुलट आट्यांवर चढवतो, तर कोणी फ्रीव्हीलच वेल्ड करून देतो. यातला एकही उपाय स्वीकारू नये. फ्रीव्हील आतून वेल्ड केले तरी ते अख्खे फ्रीव्हील हबवर सुलट आट्यांनीच बसलेले असते, त्यामुळे मागे जोर दिला की ते सुटण्याची शक्यता तशीच राहते. आणि ऐन गर्दीत कॉग सुटला तर पायांचा ब्रेक जातोच, शिवाय चेन उतरून मागच्या चाकात अडकू शकते. हजार-दोन हजार रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

हबमध्ये सीलबंद बेअरिंग असतील तर उत्तम, पण सुट्या छऱ्यांचे हबही वर्षातून एकदा उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरले तर चांगले चालते, आणि हे काम गल्लीतला कोणताही जुना सायकल मेकॅनिक डोळे मिटून करतो. म्हणून बेअरिंगबाबत तडजोड चालेल, लॉकरिंगबाबत चालणार नाही.

फ्रेम

फ्रेमबद्दल सर्वांत आधी मागच्या चाकाचा ॲक्सल जिच्यात बसतो ती खाच पाहावी. फिक्स्ड गिअरमध्ये चेनचा ताण नियंत्रित करणारी दुसरी कोणतीही यंत्रणा नसल्याने चाक पुढेमागे सरकवूनच चेन ताणावी लागते, आणि त्यासाठी खाच आडवी असायला हवी. ज्या फ्रेममध्ये खाच उभी आहे, तिच्यात चाक एकाच जागी बसते. अशी फ्रेम कितीही स्वस्त आणि सुंदर असली तरी या कामाची नाही. ट्रॅक पद्धतीच्या फ्रेममध्ये खाचेचे तोंड मागच्या बाजूला असते आणि डाव्या आणि उजव्या खाचेमधले अंतर १२० मिलिमीटर असते.

स्वस्त फिक्सी बहुधा हाय-टेन्साइल पोलादाची असते. ती जड असते. पूर्ण सायकल साधारण ११ ते १३ किलो भरते. थोडे अधिक पैसे टाकले तर क्रोमोली पोलादाची हलकी फ्रेम मिळते, आणि ॲल्युमिनियमचीही मिळते. विक्रेता ‘अलॉय फ्रेम’ म्हणाला तर खिशातले छोटे लोहचुंबक लावून पाहावे: चिकटले तर पोलाद आहे. शहरातल्या रोजच्या वापरासाठी मी साध्या पोलादी फ्रेमच्या बाजूने आहे, कारण ती खडबडीत रस्त्यावर टिकते आणि तडा गेला तर जोडता येते. मात्र मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद गंजते, तेव्हा सायकल घेतल्यावर सीटपोस्ट काढून आतल्या नळीत आणि सीटपोस्टला ग्रीस लावून घ्यावे. हे पाच मिनिटांचे काम न केल्यास काही पावसाळ्यांनंतर सीटपोस्ट नळीतच जाम बसतो.

शर्यतीच्या अस्सल ट्रॅक फ्रेमचा मोह टाळावा. बालेवाडीसारख्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, चालवण्यासाठी बनलेल्या फ्रेममध्ये ब्रेक बसवायला छिद्रे नसतात, जाड टायरला जागा नसते, मडगार्ड अडकवायला कड्या नसतात, आणि वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो. रस्त्यासाठी बनलेल्या फिक्सीतही हे शेवटचे एकदा पाहावेच: पॅडल पुढे आडवे ठेवून हँडल वळवावे आणि बूट टायरला घासतो का ते तपासावे. जरासा घासत असेल तर सवयीने जमते, बराच घासत असेल तर दुसरे माप पाहावे. मापाविषयी फार पाल्हाळ नको. सायकलीच्या आडव्या नळीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहिल्यावर दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहिले आणि हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले राहिले, तर माप बरोबर आहे.

क्रँकची, म्हणजे पॅडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्याची, लांबी मात्र जरूर विचारावी. वळणावर सायकल कललेली असतानाही पॅडल फिरत राहते आणि ते रस्त्याला टेकले तर मागचे चाक उचलले जाते. म्हणून १६५ मिलिमीटरचा क्रँक रस्त्यावरच्या फिक्सीला योग्य. १७० चालतो, त्याहून लांब नको.

दातांचा हिशेब

चेनव्हीलच्या, म्हणजे पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राच्या, दातांना कॉगच्या दातांनी भागले की पॅडलच्या एका फेरीत चाक किती फेऱ्या घेते ते कळते. पुढे ४४ आणि मागे १७ दात असतील तर हे गुणोत्तर २.५९ येते. ७०० बाय २८ च्या टायरचा घेर साधारण २.१४ मीटर असतो, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी २० किलोमीटर, ८० मारल्या तर साडेसव्वीस. शहरात हे पुरेसे आहे. याच गुणोत्तरावर उतारावर ताशी ४० चा वेग आला तर पायांना मिनिटाला १२० फेऱ्या माराव्या लागतात, यावरून उतारावर वेग आधीच का रोखावा लागतो ते लक्षात यावे.

तयार सायकली अनेकदा ४६ आणि १६, किंवा ४८ आणि १६ अशा जड जोडीने येतात. ४८ आणि १६ चे गुणोत्तर बरोबर ३ आहे. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना ते गुडघ्यांना फार जड जाते. या जोडीत आणखी एक दोष आहे, जो दुकानात कोणी सांगत नाही. मागचे चाक अडवून घसरत थांबणाऱ्याचा एकच पाय नेहमी पुढे असतो, त्यामुळे टायर रस्त्यावर ठरावीक ठिकाणीच घासतो. अशी ठिकाणे किती, हे काढायचे असेल तर दातांचा अपूर्णांक संक्षिप्त रूपात मांडावा. छेद म्हणजे घासण्याच्या जागांची संख्या. ४८/१६ चे ३/१ होते, म्हणजे एकच जागा, आणि तेवढ्यात टायर थोड्या दिवसांत कापडापर्यंत झिजतो. ४६/१६ चे २३/८ होते, म्हणजे आठ जागा. १७ ही मूळसंख्या असल्याने ४४/१७ ला संक्षेपच मिळत नाही आणि झीज सतरा जागांवर वाटली जाते. म्हणून सायकल पसंत पडली पण कॉग १६ चा असेल, तर खरेदीच्या वेळीच १७ किंवा १८ चा मागून घ्यावा. कॉग ही स्वस्त वस्तू आहे. सपाट शहरासाठी ४४/१७ आणि थोड्या चढांच्या गावासाठी ४४/१८ या जोड्या मी निःशंकपणे सुचवीन.

ब्रेक

ब्रेक नसलेली फिक्सी रस्त्यावर चालवू नये. काही जणांना ती शौर्याची गोष्ट वाटते, पण हा मुद्दा आवडीनिवडीचा नाही. आपण वेग रोखतो तेव्हा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होते. त्यामुळे पायांनी मागचे चाक कितीही अडवले तरी ते घसरत जाते, आणि अचानक आडव्या आलेल्या रिक्षेपुढे थांबायला जो जोर लागतो तो फक्त पुढच्या ब्रेकमधून मिळतो. ज्या जपानमध्ये १९४८ साली कोकुरा येथे केइरिन या ट्रॅकवरच्या सायकल शर्यती सुरू झाल्या आणि जिथे बिनब्रेकच्या ट्रॅक सायकलींची परंपरा आजही जिवंत आहे, तिथेसुद्धा रस्त्यावर येणाऱ्या सायकलीला पुढे-मागे दोन्ही ब्रेक असणे कायद्याने आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनुसार मागचे फिक्स्ड चाक हा एक ब्रेक धरला जातो, पण पुढच्या चाकावर ब्रेक लागतोच.

तेव्हा पुढच्या चिमट्याला ब्रेकसाठी छिद्र आहे का, रिमची बाजू ब्रेक घासण्यासाठी सपाट आणि रंगविरहित आहे का, हे पाहावे. रंगवलेल्या रिमवरचा रंग ब्रेकमुळे पट्ट्यापट्ट्यांनी निघतो आणि तोवर ब्रेकही नीट लागत नाही. सायकलीबरोबर आलेले ब्रेकपॅड टणक असतील तर लगेच बदलावेत. फ्लिप-फ्लॉप हबची फ्रीव्हीलची बाजू वापरायची असेल तर मागचा ब्रेकही हवाच, कारण तेव्हा पायांचा ब्रेक उरत नाही.

टायर आणि हवा

दुकानात चढवलेले २३ चे, म्हणजे २३ मिलिमीटर रुंदीचे, टायर छान दिसतात, पण पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजची झाकणे आणि पावसाळ्यानंतरचे रस्ते यांच्यासाठी २८ चे टायर घ्यावेत, आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ चे. आणखी एक व्यावहारिक अडचण आधीच समजून घ्यावी. फिक्सीची चाके ७००सी मापाची, म्हणजे रिमवर टायर बसण्याचा व्यास ६२२ मिलिमीटर. आपल्या जुन्या काळ्या २८ इंची सायकलीचा हा व्यास ६३५ असतो. दोन्ही टायर डोळ्यांना सारखे वाटले तरी एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही, आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ७००सी ची ट्यूब नसते. तशात ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या कॉम्प्रेसरचे तोंडही बसत नाही. पितळेचा छोटा ॲडॅप्टर व्हॉल्व्हवर चढवून ठेवला की ही अडचण सुटते. एक सुटी ट्यूब, टायर काढायचे दोन चमचे, छोटा पंप आणि ॲक्सलच्या नटांसाठी १५ चा पाना हे सामान सायकलीबरोबरच घ्यावे. चाकांना क्विक रिलीज, म्हणजे हाताने चाक सोडवायची खिट्टी, नसल्याने पाना नसेल तर पंक्चर काढायला चाकच निघणार नाही. या सामानासाठी आणि हेल्मेट, दिवे, घंटी यांसाठी ठरलेल्या रकमेचा साधारण पाचवा हिस्सा आधीच बाजूला ठेवावा.

जुनी घ्यावी का?

जुनी फिक्सी घेण्यात पैशांची खरी बचत असते, कारण अनेक जण हौसेने घेतात आणि थोड्या महिन्यांत विकायला काढतात. अशा सायकलीची हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, मागची, खालच्या नळीची बाजू बोटांनी चाचपावी. तिथे लहानशी सुरकुती किंवा रंगाला तडा जाणवला तर सायकल समोरून आपटलेली आहे. मग एक लांब दोरा मागच्या एका खाचेपासून हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून धरावा आणि दोन्ही बाजूंनी दोऱ्यापासून सीटच्या नळीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. अंतरे सारखी नसतील तर फ्रेम वाकलेली आहे. चाकाचा थोडा आउट काढून घेता येतो, फ्रेमचा बाक मात्र स्वस्तात निघत नाही. शेवटी लॉकरिंग आणि कॉग काढून दाखवायला सांगावे. आटे चांदीसारखे स्वच्छ आणि टोकदार दिसले पाहिजेत. ते बोथट किंवा सोललेले असतील तर हबच संपले आहे आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.

घरातल्या जुन्या काळ्या सायकलीची फिक्सी करण्याची कल्पना मोहक आहे, पण नवे ट्रॅक हब घेऊन चाक नव्याने गुंफावे लागते, शिवाय त्या वजनदार रिमसह हाती येणारी सायकल तयार स्वस्त फिक्सीपेक्षा उजवी ठरत नाही. ती सायकल आहे तशीच दुरुस्त करून वापरावी.

सायकल घरी आल्यावर

पायांना धरून ठेवणारे पट्टे पहिल्या दिवसापासून लावावेत. पाय पॅडलवरून निसटला तर फिरते पॅडल पोटरीवर आदळते आणि वेगही रोखता येत नाही. पँटची उजवी बाजू बांधावी, बुटाची नाडी आत खोचावी, आणि ओढणी किंवा लांब कुर्ता घालून ही सायकल चालवू नये, कारण कापड चेनमध्ये अडकले तरी चाक फिरते आहे तोवर चेन थांबत नाही. याच कारणाने, चाक फिरते ठेवून फडक्याने चेन कधीही पुसू नये. इतर सायकलींवर आपण ते सर्रास करतो. इथे बोट कॉग आणि चेनच्या मध्ये गेले तर तुटते. चेन पुसायची ती चाक पूर्ण थांबवून, एकेक टप्पा पुढे घेत.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर कॉग स्वतःच्या जागी आणखी घट्ट बसतो आणि लॉकरिंगमध्ये किंचित फट पडते. तेव्हा दुकानात जाऊन लॉकरिंग पुन्हा आवळून घ्यावी. चेन मधोमध बोटाने वरखाली केली असता साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. पॅडल हळूहळू फिरवत हे तीन-चार ठिकाणी पाहावे, कारण स्वस्त चेनव्हील पूर्ण गोल नसते आणि एका जागी सैल वाटणारी चेन दुसऱ्या जागी तारेसारखी ताठ होते. जिथे ती सर्वांत ताठ असते तिथे थोडा ढिलेपणा उरेल असे चाक बसवावे. पुढे दर महिन्याला स्टीलच्या पट्टीने चेन मोजावी. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरतात. हे अंतर इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले की चेन बदलावी. साध्या सायकलीची एक अष्टमांश इंची चेन चालत असल्याने ती तालुक्याच्या गावीही मिळते, आणि वेळेवर बदलली तर कॉग आणि चेनव्हील बराच काळ टिकतात.